करंगळीची शाई

अनवरी खाला कुणाच्याही दारात गेल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो नसो. मी बर्फाचा डबा खांद्याला अडकवून मागे उभी, ऊन डोक्यावर, साठ घरं अजून बाकी, आणि या निवांत उंबऱ्यावर बसून पेला तोंडाला लावतायत. माझं डोकं फिरायचं.

"खाला, बारा घरांत बारा पेले झाले. तेराव्या घरी पाणी नाही, मोरी मागावी लागेल."

"मग मागू की. मोरीत जाऊ दिलं म्हणजे घरात घेतलंच ना गं, शग्गो?"

मी शगुफ्ता. उत्तर प्रदेशात, अमरोह्याच्या ढोलकवाल्यांच्या गल्लीत आम्ही दोघींनी नऊ वर्षं पोलिओचे थेंब पाजले. डबा माझ्याकडे, खडू आणि शाईचा पेन खालांकडे. काम ऐकायला सोपं आहे. रविवारी मदरशाच्या ओट्यावर टेबल टाकायचं, जी पोरं येतील त्यांना पाजायचं, आणि सोमवारपासून घरोघर फिरायचं. पोराच्या तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाई. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांचं झालं की दारावर खडूने 'पी' लिहायचा. एक जरी राहिलं तर फुली. एका वर्षात आठ-आठ, दहा-दहा फेऱ्या व्हायच्या, त्यामुळे आमच्या गल्लीत लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा दारं वाचायला शिकल्या होत्या. कुणाच्या दारावर फुली आहे यावर नळावर चर्चा व्हायच्या.

आणि फुल्या पुष्कळ असायच्या. लोक वेडे नव्हते, हे मला आता कळतं. तेव्हा मला सगळे वेडेच वाटायचे. ढोलकीला रोगण लावणारे लतीफ चाचा ब्रश हातात धरूनच बोलायचे.

"तीन महिने गटार तुंबलंय, कुणी फिरकलं नाही. माझ्या सुनेचं बाळंतपण रिक्षात झालं, तेव्हा कुणाची जीप आली नाही. आणि या दोन थेंबांसाठी दर महिन्याला दारात वरात. एवढं प्रेम एकदम कुठून उतू चाललंय, शग्गो? मला समजाव."

"चाचा, प्रेम नाही, नोकरी आहे."

"बघा, खरं बोलली पोरगी. आणि मोठेपणी याने पोरं होत नाहीत म्हणतात, ते?"

"तुमच्या थोरल्या भावांनी तर आयुष्यात थेंब बघितले नाहीत. त्यांना कुठे झाली पोरं?"

असलं बोलले की खाला मागून माझ्या दंडाला चिमटा काढायच्या. माझा दंड त्या नऊ वर्षांत निळाच असायचा. मग त्या चाचांशेजारी बसायच्या, अर्धवट ताणलेल्या ढोलकीवर बोट वाजवून म्हणायच्या, "कातडं अजून ओलं आहे, चाचा. घाई करू नका." आणि गटाराबद्दल चाचांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायच्या. नुसतं ऐकायच्या नाहीत, नगरपालिकेला अर्ज लिहायला मला बसवायच्या. तसे चौदा अर्ज मी लिहिलेत. गटार तसंच राहिलं, पण चाचांच्या दारावर चौथ्या फेरीला 'पी' आला.

कुणी विचारलं, याने काही वाईट होतं का, तर मी ठणकावून सांगायचे, काही होत नाही. खाला तसं सांगत नसत. ट्रेनिंगला आलेल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, की पंचवीस-तीस लाखांत एखाद्या पोराचा पाय या थेंबांमुळेच जाऊ शकतो. ते कुणाच्या दारात बोलायची गरज नाही असं मला वाटलं. खाला बोलायच्या. "हो, होतं. तीस लाखांत एखाद्याला. आणि थेंब नव्हते तेव्हा माझ्या गावात आणि या गल्लीत किती रांगत होते ते मी मोजलंय." मला हे आवडायचं नाही. मला वाटायचं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

रांगणारे त्यांनी खरंच मोजले होते, कारण त्यातला पहिला त्यांचा धाकटा भाऊ होता. शब्बीर. हसनपूरच्या बाजूच्या त्यांच्या गावात त्याला दीड वर्षाचा असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. खाला त्याला कमरेवर घेऊन फिरायच्या. विहिरीवर, शेतात, लग्नात. तो नऊ वर्षांचा झाला तरी कमरेवरच. मग खालांचं लग्न होऊन त्या अमरोह्याला यासीन ढोलकवाल्याच्या घरी आल्या. "मी आल्यावर त्याला कुणी उचललं नाही," एवढंच सांगायच्या. शब्बीर तिशीतच वारला. नवरा वारल्यावर खालांनी हे काम धरलं ते त्यामुळे, आणि दुसरं काही कारण असेल तर मला माहीत नाही.

आता अक्साचं सांगायला हवं. ती खालांची पहिली नात. मुलगा मुस्तकीम आणि सून सबीहा यांची मुलगी. अकरा महिन्यांची होती. एका रविवारी ओट्यावर खालांनीच तिला थेंब पाजले, मी शेजारी होते, तिने तोंड वाकडं केलं आणि आम्ही हसलो. गुरुवारी तिला जुलाब सुरू झाले. शनिवारी दुपारी ती गेली.

त्या उन्हाळ्यात जुलाबांनी मुलांचा वॉर्ड भरला होता. आमच्या भागाला हापशाचं पाणी गढूळ येत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, याचा थेंबांशी काही संबंध नाही. वॉर्डात कितीतरी पोरं अशी आहेत ज्यांनी त्या फेरीत थेंब घेतलेच नाहीत. गल्लीत मात्र चार दिवसांत एकच गोष्ट झाली होती, की आजीनेच पाजलं आणि आजीनेच मारलं. कुणी तोंडावर बोललं नाही. पण पुढच्या फेरीत सतरा नव्या फुल्या पडल्या.

खाला त्या फेरीलाही आल्या. सतराच्या सतरा घरी गेल्या, पाणी मागितलं, आणि स्वतः विषय काढला. "माझी नात जुलाबांनी गेली. मी तिला पाजलं होतं हेही खरं आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगते." मी मनात म्हटलं, ही बाई दगडाची आहे. मला त्यांचा फार अभिमान वाटला. माझं किती चुकत होतं.

वर्षभराने सबीहाला मुलगा झाला, हमजा. आणि खालांच्या बोलण्यात एक नवीन गोष्ट आली. कुणी फारच अडून बसलं की त्या म्हणायच्या, "माझ्या घरी जाऊन हमजाची करंगळी बघा. ज्या घरातली पोर गेली त्या घरात मी पुन्हा पाजते, मग तुम्हाला भीती कसली?" याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. लोक खरंच जाऊन बघायचे. हमजा दोन वर्षांचा होईपर्यंत निम्म्या गल्लीने त्याची करंगळी हातात घेऊन बघितली असेल. शाई कायम असायची.

मला कळलं ते असं. एका सोमवारी सकाळी मी डबा घेऊन खालांकडे गेले, तर हमजा अंगणात लाकडाच्या भुश्यात खेळत होता आणि त्याच्या नखावर शाई चमकत होती, अजून ओली. मी विचारलं, "काल आणलं होतं का ओट्यावर?" खाला दुपट्टा नीट करत म्हणाल्या, "हो, तू चहाला गेली होतीस तेव्हा."

मी चहाला गेले नव्हते. काल सगळे थेंब मीच पाजले होते, कारण खालांचं डोकं दुखत होतं आणि त्या नुसती शाई लावत होत्या. बाटल्या माझ्या डब्यात होत्या. पेन तेवढा त्यांच्याकडे होता.

मी, जी लोकांच्या तोंडावर बोलते, ती गप्प बसले. त्यानंतर प्रत्येक फेरीत मी लक्ष ठेवलं. पाच फेऱ्या. पाचही वेळा शाई होती, थेंब नव्हते. दिवसाला दीडशे पोरांच्या हनुवट्या धरून तोंड उघडणारी ही बाई स्वतःच्या नातवाजवळ नुसता पेन घेऊन जात होती. मला राग आला, मग दया आली, मग दोन्ही एकदम यायला लागलं.

सहाव्या फेरीला आम्ही नाजरीनच्या घरी गेलो. ढोलकीच्या दोऱ्या वळणारी बाई, तीन पोरं पाचाखालची, नवरा जाहिद ढोलक्या घेऊन जत्रांना गेलेला. तिच्या दारावर सात फेऱ्या फुली होती. तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या बहिणीच्या पोराने मोजून सहा वेळा थेंब घेतले होते आणि तरी तो आज लंगडतो. खाला म्हणायच्या, काही पोरांच्या पोटात थेंब टिकत नाहीत, म्हणून तर पुन्हा पुन्हा पाजतो. नाजरीन म्हणायची, "मग तुमचंच खरं, आणि माझ्या बहिणीचंही खरं."

त्या दिवशी तिने पाणी दिलं. खाला पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हमजाची करंगळी..."

"बघितली, खाला. दर वेळी बघते." नाजरीनने हातातली दोरी खाली ठेवली. "शाईचं काय, शाई कुणीही लावतं. माझा विश्वास तुमच्यावर आहे, शाईवर नाही. एक करा. तुम्ही हमजाच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा की याला पाजलंय. मी तिघांनाही आत्ता पाजते. जाहिद आल्यावर मला काय बोलायचं ते बोलेल."

हमजा आमच्यासोबतच होता, खालांचं बोट धरून. दारात चार-पाच बाया जमल्या होत्या. खरं सांगते, माझ्या मनात एकच होतं: म्हणून टाका. तीन पोरं आहेत, एक शब्दाचा प्रश्न आहे, अल्ला माफ करेल. मी खालांच्या दंडाला चिमटा काढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना.

खालांनी हात उचलला. हमजाच्या डोक्यापर्यंत नेला आणि तिथून मागे घेतला.

"नाही पाजलं," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. शाई मीच लावते."

बाया आधी काही समजल्याच नाहीत. मग एक म्हणाली, "काय सांगता, खाला?" आणि दुसरी म्हणाली, "मग आमच्या पोरांना कुणाच्या जिवावर पाजलंत?" नाजरीनने पोरांना आत घेतलं आणि दार लावलं. तिचा चेहरा असा पडला होता की ती जिंकली असं मला वाटलंच नाही.

खाला उठल्या, हमजाला कडेवर घेतलं आणि आपल्या घराकडे चालू लागल्या. मागून बाया, मागून मी. घरापाशी येऊन त्यांनी दारावरचा 'पी' दुपट्ट्याच्या टोकाने पुसला. मग खडू काढला आणि त्याच जागी फुली मारली. लहान नाही, चांगली वीतभर.

आमचे सुपरवायझर त्यागी साहेब तेवढ्यात स्कूटरवरून आले. कुणीतरी फोन केला होता. माणूस वाईट नव्हता, पण वरून त्याला रोज झापायचे.

"अनवरीजी, हे काय चालवलंय? या वेळी एवढ्या कमी फुल्या आहेत तुमच्या भागात, आणि तुम्ही स्वतःच्या दारावर? पुसा. आत जाऊन पोराला पाजा आणि विषय संपवा."

"घरातलं एक पोर राहिलं तर फुली मारायची, साहेब. तुम्हीच शिकवलंय."

"अहो, पण लोक बघतायत."

"बघू द्या. त्यांना दारं वाचता येतात."

सबीहा कणकेने भरलेल्या हातांनी बाहेर आली. ती मुळात कमी बोलणारी, आणि अक्सानंतर तर घरातल्या घरातही मोजून बोलायची. तिने दार बघितलं, मग सासूकडे बघितलं.

"अम्मी, हे काय?"

"फुली आहे. मी सगळ्यांना सांगितलं. तू नको म्हणालीस म्हणून मी पाजलं नाही, पण तुझं नाव घेतलं नाही. तुझा राग मला समजतो, सबीहा. ती तुझी होती."

"मी थेंबांना नको म्हटलं नव्हतं," सबीहा म्हणाली. "हमजा दीड महिन्याचा होता. तुम्ही बाटली उघडलीत आणि तुमचा हात थरथरायला लागला. मला वाटलं, दुनियेला काहीही सांगोत, यांना आतून माहीत आहे की अक्सा यानेच गेली. म्हणून मी म्हटलं, राहू द्या. तुम्ही लगेच बूच लावलंत. मग माझी खात्रीच झाली."

"मला वाटलं तू मला माफ केलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

खालांनी नाही म्हणून मान हलवली. दोन वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या या दोघी एकमेकींना एवढंही बोलल्या नव्हत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मग आता सांगा," सबीहा म्हणाली. "अक्सा यानेच गेली का?"

त्यागी साहेबांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं.

"नाही," खाला म्हणाल्या. "पाण्याने गेली. त्या उन्हाळ्यात गेलेल्या प्रत्येक पोराच्या घरी मी जाऊन आले, सगळं विचारून आले. माझं डोकं मानतं, सबीहा. हात मानत नाही."

सबीहाने दुपट्ट्याला हात पुसले. "मग हात मी धरते."

पण खालांनी लगेच तसं करू दिलं नाही. आधी त्यांनी मुस्तकीमला हाक मारली. तो कारखान्यातून रोगणात घालायच्या स्पिरिटची बाटली घेऊन आला आणि खालांनी चिंधी भिजवून हमजाच्या नखावरची शाई घासून काढली. सकाळीच लावलेली होती, निघता निघत नव्हती. पोरगं कुरकुरायला लागलं, नख लाल झालं, तरी त्या घासत राहिल्या. नख स्वच्छ झाल्यावर त्यांनी करंगळी सगळ्यांना दाखवली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी बाटली दिली.

हात थरथरत होता. सबीहाने मनगट धरलं, घट्ट, आणि पहिला थेंब पडला, मग दुसरा. हमजाने तोंड वाकडं केलं, अगदी बहिणीसारखं. कुणी हसलं नाही. शाई मी लावली.

खालांनी फुली पुसली नाही. तिच्या शेजारी 'पी' लिहिला.

तुम्ही म्हणाल, मग नाजरीनने दार उघडलं असेल. नाही उघडलं. ती आतूनच म्हणाली, "उद्या या," आणि उद्या या म्हणजे काय ते या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी उलटंच झालं. दुपारनंतर एक एक करून तीन बाया खालांच्या उंबऱ्याशी आल्या, आणि एकीने खाली मान घालून सांगितलं, की मागच्या वर्षापासून तिची जाऊ घरच्याच पेनाने आधी शाई लावून ठेवते आणि पोरांना कुणी पाजलेलंच नाही. बाकी दोघींचंही तसंच काही. "खाला, आमच्याही दारावर फुली काढा." त्यागी साहेब स्कूटरवर डोकं धरून बसले. खालांनी तिन्ही दारांवर फुल्या काढल्या आणि त्याच आठवड्यात दोन दारांवर शेजारी 'पी' लिहिला. तिसरं दार शेवटपर्यंत तसंच राहिलं.

नाजरीनकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, कारण तिने उद्या या म्हटलं होतं. तिने पाणी आणलं. खालांनी मागायच्या आत आणलं. मग धाकट्या दोघांना पुढे केलं आणि थोरल्याला मागे ठेवलं. "याचं पुढच्या वेळी," ती म्हणाली. पुढच्या वेळी नाही, त्याच्याही पुढच्या वेळी तिने त्याला दिलं.

खालांनी हमजाची करंगळी त्यानंतर कुणाला दाखवली नाही. थेंब पाजायचं काम त्या पोलिओ जाईपर्यंत करत राहिल्या आणि मागच्या थंडीत झोपेत गेल्या. दारावरची ती फुली आणि तो 'पी' आता नाहीत. दोन ईदांना मारलेल्या चुन्यात गेले. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली आहे. आधी कुणाच्याही पोराला पाजताना खालांचा हात कधी हलायचा नाही. त्या दिवसानंतर तो प्रत्येक पोराच्या वेळी थरथरायचा. मी डबा खाली ठेवून मनगट धरायचे. पुढे पुढे मला धरावं लागलं नाही. पोराची आई एका हाताने पोराला सावरायची आणि दुसऱ्या हाताने खालांचं मनगट धरायची, आणि मग दोघी मिळून पाजायच्या.